हंसावर पाणी सोडलं

पापडी,
३० सप्टेंबर

शांताराम,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. जितेंद्रला विचारलं, तर तुझा मुलगा म्हणतो, "काका, बाबा कुणाशीच बोलत नाहीत, मनाला लावून घेऊ नका." म्हणजे मी त्या 'कुणाशीच'मध्ये गेलो तर! वालीवच्या फाउंड्रीत अख्खी नोकरी आपण एका डब्यात जेवलो, मी पॅटर्न शॉपमध्ये लाकूड तासायचो आणि तू स्टोअरमध्ये बसून खिळ्याखिळ्याला सही मागायचास, आणि आता मी कुणीच नाही. बरं बाबा. कराडात पोस्टमन तरी येत असेल. फाडायचं असेल तर वाचून फाड.

कामाचं आधी सांगतो. किनाऱ्याला एक नवीन रिसॉर्ट झालंय. त्याचा मालक परवा पांढरे बूट घालून आमच्या वाडीत आला. त्याला आपली हंसा पाहिजे. चालवायला नको आहे. फाटकाशी उभी करणार, आत माती भरून फुलझाडं लावणार, आणि आल्यागेल्यानं तिच्यापुढे फोटो काढायचे. "अंकल, एकदम मस्त सेल्फी पॉइंट होईल. बोटीला पण इज्जत," म्हणतो. मी त्याला सांगितलं, बोट दोघांच्या मालकीची आहे आणि दोघंही नाही म्हणतात. तर हसून म्हणाला, "शांतारामसाहेबांशी बोललो ना मी. ते विचार करतो म्हणालेत."

विचार कसला करतोस रे? हंसामध्ये माती भरायची आणि सदाफुली लावायची, याच्यात विचार करण्यासारखं काय आहे?

मुंबईच्या त्या क्लबानं जुन्या बोटी विकायला काढल्या तेव्हा ही शेवटी उरली होती. सागाची, तांब्याच्या खिळ्यांची, आणि मागच्या फळीवर कुठल्या तरी इंग्रज बाईचं नाव. तुझ्या माण तालुक्यात पानी टँकरनं यायचं, आणि तू शिडाची बोट घ्यायला निघालास. (हो, पानीच लिहिलंय. ण बघत बसू नकोस.) नाव बदलायची वेळ आली तेव्हा आमची क्लेमेंटीन म्हणाली, "माझं नाव त्या डबड्यावर घातलंत तर घरात जेवण मिळणार नाही." हंसावहिनी हसल्या आणि म्हणाल्या, "माझं घाला. मला चालेल." फादरांनी तीर्थ शिंपडलं, तू नारळ फोडलास, आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा वहिनींनी खाल्ला. आपल्या चौघांत बोट न लागणाऱ्या त्या एकट्याच. पहिल्या वर्षी तू किती ओकला होतास ते मी लिहीत नाही.

त्या दिवसाबद्दलही काही लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. पण त्याच्याशिवाय या पत्राला अर्थ नाही. खाडीच्या तोंडाबाहेर गेलो आणि वारा पडला. बोटीला इंजीन लावायचं नाही, हे आपण दोघांनी मिळून ठरवलेलं. फोन काठावर तुझ्या गाडीत ठेवायचे, हेही दोघांचंच. संध्याकाळी मच्छीवाल्यांनी दोर टाकून ओढून आणलं, तोवर अचानक हॉस्पिटलात न्याव्या लागलेल्या हंसावहिनींचं सगळं संपलं होतं. क्लेमेंटीन होती त्यांच्यापाशी. तू नव्हतास. त्या दिवशी तू मला एक शब्द बोलला नाहीस. दोन शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं, शांताराम. तू बोळिंजचा फ्लॅट बंद केलास आणि मुलाकडे निघून गेलास.

मी हंसा ट्रॉलीवर घालून वाडीत आणली आणि विहिरीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टाकली. जवळजवळ वर्ष झालं. तिच्याकडे फिरकलो नाही. रिसॉर्टवाला येऊन गेला, म्हणून काल ताडपत्री काढली. पत्र्याच्या उन्हानं लाकूड असं सुकलंय की दोन फळ्यांच्या फटीतून पलीकडचा उजेड दिसतो. उंदरांनी मोठं शीड कुरतडलंय. हंसावहिनींनी मशिनीवर शिवलेलं ते निळं ठिगळ मात्र शाबूत आहे. बाकी शीड गेलं तरी ते राहील असं दिसतंय.

तिला पुन्हा हात लावावा की नाही, मला कळत नाही. गुडघे राहिले नाहीत, आणि फळीच्या सांध्यात कापसाची वात ठोकायची तर नजर लागते. एकट्यानं करायचं तरी कशासाठी, असंही वाटतं. पण ते माझं मी बघेन. तू एवढंच कर. त्या पांढऱ्या बुटांना फोन करून नाही म्हण.

अँथनी


पापडी,
१२ ऑक्टोबर

शांताराम,

पत्राला उत्तर नाही. क्लेमेंटीन म्हणते, लांबण लावू नका, माणूस वाचत नाही. ती बाजूलाच बसलीय, म्हणून थोडक्यात लिहितो.

आज सकाळी मी हंसावर पाणी सोडलं. बरेच दिवस मनात होतं, हात धजत नव्हता. एकदा सोडलं, आता पुढचं देवाच्या हातात.

तुझं काय ते तू कळव.

अँथनी


पापडी,
२६ ऑक्टोबर

शांताराम,

अरे गाढवा!

हे पत्र मी क्लेमेंटीनला दाखवणार नाही, म्हणून मनासारखं लिहितो. तू गाढव आहेस, आणि मी तुझ्याहून मोठा गाढव आहे. आता ऐक.

काल सकाळी फाटकात क्रेन. केळीची दोन रोपं चाकाखाली घालून आत आली. मागून पांढरे बूट. मी विचारलं, हे काय? तर म्हणतो, "अंकल, बोट न्यायला आलोय. शांतारामसाहेबांनी ओके दिला." मी म्हटलं, शक्य नाही. त्यानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. तुझाच मेसेज. 'अँथनीने बोटीवर पाणी सोडलं आहे. मग मीही सोडतो. बोट घेऊन जा.'

मला काही सुधरेना. मी तिथेच पंपाच्या कट्ट्यावर बसलो. मी हंसावर पानी सोडलं हे खरंच होतं. समोर दिसतच होतं. विहिरीचा पंप चालू, नळी बोटीत, वर ओली गोणपाटं, आणि आत गुडघ्याएवढं पानी. क्रेनवाला शिडी लावून चढला, आत डोकावला आणि वरूनच ओरडला, "ये तो टंकी है, साब!"

एवढ्यात क्लेमेंटीन बाहेर आली. हातात कोयता. नारळ सोलत होती, मारायला आली नव्हती, पण त्या माणसाला कुठे माहीत? ती चाळीस मुलांचा वर्ग एका नजरेनं गप्प करणारी बाई आहे. क्रेनच्या पुढ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "बोट पाहिजे? आधी आतलं सगळं पानी पिऊन दाखवा, मग न्या!" रागावली की तिचा शाळेतला ण पळून जातो, तुला माहीत आहे. बूट चिखलात पार रुतले होते. तो म्हणाला, दोघांचं काय ते ठरवा, मी पुढच्या आठवड्यात येतो.

ते गेल्यावर आम्ही दोघं ओट्यावर बसलो. मी म्हटलं, शांताराम असं का करेल? क्लेमेंटीन तुझा मेसेज दोनदा तोंडातल्या तोंडात पुटपुटली. मग कपाळावर हात मारून घेतला. "अहो, तिकडे देशावर पाणी सोडलं म्हणजे हक्क सोडला! तळहातावर पाणी घेऊन सोडून द्यायचं. आता माझं काही नाही, असं."

आणि मग मला आठवलं. हंसावरच बसलो होतो आपण, खाडीत, पहिल्या का दुसऱ्या वर्षी. तू म्हणाला होतास, "भावाला अडचण होती, म्हणून मी माणच्या जमिनीवर पाणी सोडून आलो." मी वाडीवाला माणूस. आमच्याकडे सकाळी पंप चालू केला की केळीला पानी सोडतात, दुधीला पानी सोडतात. मी विचारलं, "मग पीक काय आलं?" तू इतका हसलास, इतका हसलास, की बोट एका बाजूला कलली आणि चहाचा थर्मास गेला. हंसावहिनी घरी विचारत होत्या, नवा थर्मास कुठे? आठवतंय का? एवढं होऊनसुद्धा माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं नाही आणि आत्ताही नाही.

पण खरी मेख पुढेच आहे. त्या चिठ्ठीत मी आधी 'पानी' असंच लिहिलं होतं. क्लेमेंटीननं वाचताना लाल पेननं न खोडला, ण केला, आणि म्हणाली, स्वच्छ कागदावर पुन्हा उतरवा, शांतारामभाऊ हसतील. जन्मात एकदा मी पाण्याचा ण बरोबर लिहिला, त्याचं हे असं झालं. मी 'हंसावर पानी सोडलं' असं लिहिलं असतं, तर तुला माझा आवाज ऐकू आला असता. हा वाडीतला अँथनी बोलतोय, याच्या हातात पंपाची नळी आहे, हे तुला कळलं असतं. शुद्ध लिहिलं आणि तू मला ओळखलंच नाहीस. क्लेमेंटीन म्हणते, "मी शब्द तपासला, अर्थ तपासलाच नाही." तिला फार लागलंय. काल रात्री जेवली नाही.

आता मी नक्की काय केलं ते नीट सांगतो. तुझं पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही, तेव्हा मला राग आला, आणि राग आला की माझे हात चालतात. ताडपत्री फेकून दिली. सगळ्या सांध्यांतला जुना कापूस उकरला, नवी वात ठोकली, वरून पुट्टी भरली, खाली लाल रंग मारला. पण लाकूड इतकं सुकलेलं, तर नुसत्या पुट्टीनं काही होत नाही. तशीच समुद्रात घातली असती तर तिथल्या तिथे बुडाली असती. मामाकडे पाचूबंदरला जुन्या होड्यांना करायचे तेच केलं. फळ्यांना पानी पाजायचं. आतून भरायचं, वरून ओलं ठेवायचं, आणि थांबायचं. लाकूड पितं, फुगतं, आणि एक फळी दुसऱ्या फळीला जाऊन चिकटते.

पहिल्या दिवशी तू बघायला हवं होतंस. जेवढं आत ओतत होतो, तेवढं सगळ्या अंगातून बाहेर येत होतं. खाली मुरूम वाहून गेला. क्लेमेंटीन म्हणाली, विहीर आटेल. दुसऱ्या दिवशीही तेच. मग एका सकाळी उठून गेलो, तर उजव्या बाजूनं गळायची थांबली होती. आता फक्त सुकाणूपाशी थेंब थेंब येतंय.

मी तिला सोडली नाही, शांताराम. मी वर्षभर तिच्याकडे बघितलं नाही हे खरं, पण सोडली नाही. आणि मी सोडली असं तुला वाटल्याबरोबर तूही सोडलीस, तेही त्या माणसाला मेसेज करून, मला एक फोन न करता. तुला वाटलंच कसं रे? क्रेन बघून मला वाईट वाटलं, पण तुझे ते शब्द वाचून जास्त वाटलं.

तुझा होकार मागे घे. आठवड्याभरात. त्या माणसाला मी कोयता दाखवून कितीदा परत पाठवू?

यापुढे मी पानी असंच लिहिणार आहे.

अँथनी


पापडी,
३ नोव्हेंबर

शांताराम,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्याशा कार्डावर अर्धी जागा कोरी सोडलीस. स्टोअरकीपरची सवय. 'रिसॉर्टला नाही कळवलं. मला वाटलं तू सोडून दिलीस. बोट तुझी तू चालव. मी पुन्हा तिच्यावर पाय ठेवणार नाही.'

पहिल्या ओळीबद्दल देव तुझं भलं करो. शेवटच्या ओळीबद्दल भांडायला बसलोय.

पण आधी दुसरंच काही सांगायचंय. ते सांगू की नको, यावरून आमच्या घरात काल रात्री उशिरापर्यंत वाद झाला. काल आमचा मृतांचा दिवस. संध्याकाळी सगळं गाव मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत असतं. आईबापांच्या कबरीवर आम्ही मेणबत्त्या लावल्या, आणि क्लेमेंटीननं पिशवीतून आणखी एक काढली. मी विचारलं, ही कुणासाठी? म्हणाली, "हंसासाठी. तिला इथे जागा नाही, पण मेणबत्ती लावायला कोण अडवतंय?" आईच्या कबरीच्या कोपऱ्यावर तिनं ती लावली. वारा होता, विझायला लागली, तर पदर आडवा धरून बसली. आणि तिथेच, पदर धरून, तिनं मला ते सांगितलं. वर्षभर पोटात ठेवलं होतं.

त्या दिवशी हॉस्पिटलात हंसावहिनी शुद्धीवर होत्या. तुला वाटतं त्या बेशुद्ध होत्या, कारण क्लेमेंटीननंच तुला तसं सांगितलं होतं. तुला आणखी त्रास नको म्हणून. त्या शेवटपर्यंत नीट बोलत होत्या. घाबरल्या नव्हत्या. दोनदा त्यांनी विचारलं, हे कुठायत? क्लेमेंटीन म्हणाली, बोटीवर, येतीलच आता. मग थोड्या वेळानं त्यांनी खिडकीकडे बघितलं. पलंगावरून त्यांना बाहेरचं दिसत नव्हतं. म्हणाल्या, "क्लेमेंटीन, जरा बघ गं, वारा आहे का?"

तुझी बायको, शांताराम. इतकी वर्षं आपण निघायच्या आधी गच्चीवरचे कपडे बघून सांगायची, आज जा, आज नका जाऊ. शिडाची बोट वाऱ्याशिवाय परत येत नाही, हे आम्हा दोघींत तिलाच नीट कळत होतं, असं क्लेमेंटीन म्हणाली.

क्लेमेंटीन उठून खिडकीशी गेली. खाली पिंपळ होता. पिंपळ, शांताराम, ज्याचं पान विनाकारण हलतं. एक पान हलत नव्हतं. ती परत येऊन बसली आणि म्हणाली, "आहे. चांगला वारा आहे." हंसावहिनी म्हणाल्या, "मग येतील." आणि डोळे मिटले. ते पुन्हा उघडले नाहीत.

त्या दिवसाआधी क्लेमेंटीन आयुष्यात खोटं बोललेली नाही. पोरांची पट्टी हरवली तरी खरं काय ते विचारणारी बाई. या खोट्याची तिनं दोनदा कबुली दिली, फादरांनी दोनदा सांगितलं की बाई, हे पाप नाही, तरी तिचं समाधान नाही. तिला वाटतं, हंसाला खरं कळायला हवं होतं. मला वाटतं, हंसावहिनींना कळलं असणार. पण मला काय कळतं?

ती म्हणत होती, शांतारामभाऊंना लिहू नका, त्यांचं दुःख वाढेल. मी म्हटलं, त्याला वाटतंय ती त्याच्यावाचून, काही न कळता गेली. वाट बघत गेली हे खरंच आहे. पण तू येतोयस असं समजून गेली. याच्यात फरक आहे की नाही, ते तू सांग. मला तरी आहे असं वाटतं.

आता भांडण. हंसा गळायची थांबली. काल आतलं पानी उपसलं, बाहेरून हात फिरवला, कुठे ओल नाही. नवं शीड शिवून घेतलं आणि त्याला वहिनींचं निळं ठिगळ लावलं. भोक नाही तिथे ठिगळ कशाला, असं शिंपी विचारत होता. मी त्याला सांगितलं, तू शिव. पुढच्या आठवड्यात ट्रॉलीवर घालून पाचूबंदरला नेतो. पण मी एकटा तिला बाहेर नेणार नाही. नेता येत नाही म्हणून नाही, पुढच्या शिडाचा दोर मीही धरू शकतो. तुझी जागा रिकामी ठेवून मला जायचं नाही. तू आला नाहीस तर ती किनाऱ्याला उभी राहील, पुन्हा सुकेल, पुन्हा फटी पडतील, आणि पुढच्या खेपेला मला पानी पाजायला जमणार नाही. मग फुलझाडं लावली काय आणि नाही लावली काय.

जितेंद्र म्हणाला, बारा तारखेला वर्षश्राद्ध आहे. ते आटोपून ये. पाय ठेवायचा नसेल तर किनाऱ्यावर बस. क्लेमेंटीनही तिथेच बसते, बोट लागते म्हणून. दोघं बसा.

अँथनी


पापडी,
१८ नोव्हेंबर

शांताराम,

तुझी टोपी आमच्याकडे राहिली. या पत्राबरोबर पाठवतोय. क्लेमेंटीननं धुतलीय, मिठाचे डाग काही गेले नाहीत.

तू आलास त्या दिवशी आपण फारसं बोललो नाही. सकाळी तू रिक्षातून उतरलास, एका वर्षात निम्मा झालास, आणि मी काय म्हणालो, तर "चहा घेणार?" तूही म्हणालास, "अर्धा." एवढ्यासाठी मी चार पत्रं लिहिली होती का रे? म्हणून आता लिहितो. तू सगळं बघितलंयस, तरी माझ्या तोंडून एकदा ऐक.

तू काठावर बसणार होतास. मी शीड चढवलं, सुकाणू बसवलं, आणि तुझ्याकडे न बघता पुढचा दोर सोडवत बसलो. मुद्दाम गुंता करत होतो. तुला ते बघवेना, हे मला ठाऊक होतं. तू म्हणालास, "असा नाही, आण इकडे," आणि गुडघाभर पानी तुडवत आलास. आत चढलास तेव्हा पहिल्यांदा खाली वाकून तळाला हात लावलास. हात बघितलास. कोरडा होता. तुझा चेहरा तेव्हा जसा झाला, त्यासाठी मी आणखी एकदा सगळ्या फळ्यांना पानी पाजीन.

निघताना वारा बरा होता. खाडीच्या तोंडापर्यंत तिनं झकास नेलं. आणि मग तिथेच, त्याच जागी, वारा पडला. मी मनात म्हटलं, मारिये, आजच का? शीड लोंबायला लागलं. मला तुझ्याकडे बघायची हिंमत होईना. मला वाटलं, आता हा मला समुद्रात ढकलेल, आणि ढकललं तर बरोबर आहे.

तू खिशातून पुडी काढलीस. काळे तीळ. ओंजळीत पाणी घेतलंस, तीळ घातलेस, आणि हंसावहिनींचं नाव घेऊन सोडलंस. पुन्हा घेतलंस, पुन्हा सोडलंस. इथे मी पाणी लिहिलंय, बघ. ते तुझं होतं, म्हणून तुझ्या ण नं लिहिलं. तुमचं काय म्हणायचं असतं ते मला येत नाही, म्हणून मी टोपी काढून आमचं 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हटलं, हळू. तुला ऐकू गेलं की नाही ठाऊक नाही. मग तू रडलास. मोठ्यानं रडलास, लहान मुलासारखा, आणि भोवती कुणी नव्हतं. मी सुकाणू धरून बसलो. वर्षभर मला वाटत होतं की तू माझ्यावर रागावलायस. रडून झाल्यावर तू नाक पुसलंस आणि म्हणालास, "अँथनी, मला तुझं तोंड बघवत नव्हतं. तुझं तोंड बघितलं की ती यायची समोर." एवढंच होतं तर. मी काय काय समजून बसलो होतो.

बराच वेळ बसलो. घाई कुणाला होती? मग वल्ही काढली आणि दोघं म्हातारे वल्हवत आलो. तुझं वल्हं अजून वाकडंच पडतं. वाटेत एक मच्छीवाला दोर टाकू का विचारत होता, तू त्याला हात हलवून पुढे घालवलास.

क्लेमेंटीन काठावर उभी होती. पूर्ण वेळ उभीच होती म्हणे, बसली नाही. तिला सगळं दिसत होतं. शीड खाली होतं, आपल्या दोघांच्या हातात वल्ही होती, घामानं शर्ट भिजले होते, आणि तिच्या डोक्यावरच्या माडाची एक झावळी हलत नव्हती. तू उतरलास. ती तुझ्यापर्यंत पानी तुडवत आली, चपलेसकट, आणि बारीक आवाजात तिनं विचारलं, "वारा होता का, भाऊ?"

मी मागे सुकाणू काढत होतो. मान वर केली नाही.

तू म्हणालास, "होता, वहिनी. चांगला वारा होता."

तिनं मान हलवली आणि तुझ्या हातातलं वल्हं घेतलं.

अँथनी